मुजोर घोड्याचा लगाम

‘मुजोर’ हा शब्द ‘मुँहजोर’वरून आला. तोंडात जोर असलेला, म्हणजे लगाम खेचला तरी न जुमानता पुढे ओढत नेणारा घोडा, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. असा घोडा वाट्याला आला की स्वाराला आधी आठवतो तो आणखी कडक लगाम. पण साडेचारशे-पाचशे किलोचे जनावर माणसाच्या दंडातल्या ताकदीने अडत नाही. ते थांबते, कारण लगामाच्या खुणेचा अर्थ त्याला शिकवलेला असतो. ही खूण घोड्याला कळेल इतकी स्पष्ट आणि सोसेल इतकी सौम्य कशी ठेवायची, यावर लगामाची निवड ठरते.

लगामाचा तोंडात राहणारा धातूचा भाग म्हणजे कडियाळे. रायडिंग क्लबात त्याला सरसकट ‘बिट’ म्हणतात. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीचा एक मोकळा पट्टा असतो, त्यावर आणि जिभेवर ते टेकते. या पट्ट्यात हाडावर पातळ आवरणाखेरीज काहीच नसते. सततच्या दाबाने तिथल्या हाडावर कंगोरे उठतात. बहुतेक नरांना याच पट्ट्यात सुळे येतात. काही घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेपुढे एक बारीकसा निरुपयोगी दात असतो, आणि कडियाळे त्याला लागले की घोडा डोके झटकतो. शिवाय दाढा वर्षानुवर्षे हिरडीतून वर सरकत राहतात आणि चघळताना झिजतात. ही झीज सारखी होत नसल्याने वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होतात, गालाला आणि जिभेला टोचतात. म्हणून नवे कडियाळे घेण्याआधी पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे आणि दाढांच्या कडा कानशीने घासून घ्याव्यात. बरीचशी मुजोरी ही दुखण्याची ओरड असते. घोडा वेदनेपासून पळू पाहतो, आणि वेदना तोंडातच असल्याने ती बरोबर घेऊनच पळतो.

तोंड ठीक असेल तर नजर इतरत्र वळवावी. पाठीला बोचणारे खोगीर, कामाच्या मानाने जास्त दाणा, दिवसभर तबेल्यात उभे राहणे ही नेहमीची कारणे. शर्यतीतून निवृत्त होऊन रायडिंग स्कूलमध्ये आलेल्या घोड्याची गोष्ट वेगळी असते. लगामावर भार टाकून धावायची त्याला वर्षानुवर्षे सवय लागलेली असते. नवखा स्वार घाबरून लगाम ओढून धरतो आणि घोड्याला तो पळण्याचा इशारा वाटतो. इथे कडियाळे बदलण्यापेक्षा हात बदलणे जास्त उपयोगी. एकसारखे ओढत राहू नये. क्षणभर धरावे, घोड्याने वेग कमी करताच सोडावे. घोडा शिकतो ते या सोडण्यातून.

यानंतर कडियाळ्याचा प्रकार. सर्वांत साधे ते स्नॅफल: लगामाची वादी कडीला बांधलेली, हात ओढेल तेवढाच दाब तोंडावर. मधे एकच सांधा असलेले स्नॅफल ओढल्यावर टाळूला टोचते, असे पूर्वापार सांगितले जाई. क्ष-किरणांनी पाहिले तेव्हा बराचसा दाब जिभेवर पडताना दिसला. दोन सांधे असलेले कडियाळे जिभेवर जास्त सपाट बसते, म्हणून अनेक घोड्यांना मानवते. कडियाळे दातांत पकडणाऱ्या किंवा त्यावर रेलणाऱ्या घोड्याला असे हलते कडियाळे देऊन पाहावे, कारण हलत्या वस्तूवर भार टाकणे अवघड जाते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन यानेही ताठ कडियाळ्यापेक्षा लवचीक बरे म्हटले आहे, तेही याच कारणासाठी. वळवताना न ऐकणाऱ्या घोड्याला दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या असलेले स्नॅफल उपयोगी पडते. दांडी गालावर टेकून वळणाची दिशा सांगते.

पेल्हॅम आणि किंबलविक हे तरफेच्या तत्त्वावरचे प्रकार. पेल्हॅममध्ये दांडी कडियाळ्याच्या वर दोन इंच आणि खाली चार इंच असेल, तर हाताचा जोर दुपटीने हनुवटीखालच्या साखळीवर आणि कानांमागच्या माथ्यावर पोचतो. डोके वर फेकणाऱ्या घोड्यावर याचा उपयोग होतो. मान आखडून हनुवटी छातीला लावणाऱ्या घोड्याला मात्र हे कधीच देऊ नये. तो आणखी आखडतो. साखळीत दोन बोटे सहज जावीत, आणि वादी ताणल्यावर दांडी साधारण पंचेचाळीस अंशांवर थांबावी. पेल्हॅमला दोन वाद्या असतात: रोजचे काम वरच्या वादीने, खालची गरजेपुरती. ज्याचा हात अजून स्थिर नाही, अशा स्वाराने तरफेच्या वाटेला जाऊ नये.

मापात केलेली चूक प्रकार निवडण्यातल्या चुकीइतकीच महागात पडते. कडियाळे ओठांच्या दोन्ही बाजूंना साधारण पाव इंच बाहेर यावे. अरुंद असेल तर ओठ चिमटतात, रुंद असेल तर ते तोंडात सरकत राहते. जाड कडियाळे सौम्य, हा समज अर्धाच खरा आहे: दाब जास्त जागेवर पसरतो हे खरे, पण जीभ जाड आणि टाळू बुटका असलेल्या घोड्याच्या तोंडात ते मावतच नाही. पिळलेल्या तारेचे बारीक कडियाळे मात्र कोणत्याही घोड्याला वापरू नये. ते चार दिवस चमत्कार दाखवते, मग हिरडी बधिर होते आणि घोडा पूर्वीपेक्षा जास्त ओढू लागतो. नवे कडियाळे आधी बंदिस्त रिंगणात, चालीवर आणि दुडकीवर पारखावे. तोंड सतत उघडे राहिले किंवा जीभ कडियाळ्यावरून वर आली, तर ते मानवलेले नाही.

सगळ्यांत वाईट प्रकार वरातीत दिसतो: आतल्या बाजूला काटे असलेला लगाम. १९६५च्या, ओझी वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांविषयीच्या केंद्रीय नियमांनी असा लगाम बेकायदा ठरवला आहे. वरातीसाठी घोडी ठरवताना लोक तिची झूल आणि गोंडे पाहतात. त्याच वेळी मालकाला लगाम काढून दाखवायला सांगावे आणि कडियाळ्यावरून एकदा बोट फिरवून पाहावे.