जबड्यातील दप्तर

आश्विन वद्य द्वादशीस देशावरील घरांतून सवत्स धेनूचे पूजन होते, आणि त्याच तिथीस कळवण, सुरगाणा, पेठ या पट्ट्यातील आदिवासी पाड्यांवर वाघबारस पाळून गुराखी वाघदेवाकडे आपल्या गुरावासरांसाठी अभय मागतात. विधी भिन्न असले तरी दोन्हींच्या मुळाशी चिंता एकच आहे: जन्मलेले वासरू जगावे, वाढावे आणि कामास यावे. परंतु ते किती वाढले, याचा दाखला कोण देणार? सरकारी पशुगणना १९१९-२० पासून होत आली असली तरी ती जनावरांची संख्या मोजते. एकेका खोंडाची जन्मतिथी तिच्या रकान्यांत कोठून असणार? तो दस्तऐवज जनावर आपल्या जबड्यात बाळगून असते, आणि गिरणेच्या खोऱ्यातील अक्षरओळख नसलेला वृद्ध गुराखीही तो अचूक वाचू शकतो.

खोंडाचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला की समोर आठ दात दिसतात. वर पुढच्या बाजूस एकही दात नसतो. तेथे असते ती केवळ कठीण, खरबरीत हिरडी, आणि जिभेने वेढून घेतलेले गवत तिच्यावर दाबूनच गाय ते तोडते. दुधाच्या दातांपैकी काही वासरू जन्मतःच घेऊन येते, उरलेले महिन्याभरात दिसू लागतात. हे दात लहान, अरुंद व शुभ्र असतात, आणि ते कायम असेतो जनावर ‘आदत’ म्हणवते. पुढे दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पडून तिच्या जागी फावड्याच्या पात्यासारखे रुंद, किंचित पिवळसर असे दोन दात उगवले, की तो ‘दुसा’ झाला. चार झाले की ‘चौसा’. आणि चार-पाच वर्षांच्या आसपास आठही पक्के दात आले की बैल ‘जुळला’.

दात दोनदा यावेत, ही व्यवस्था निसर्गाने का केली असावी? दाताचा शुभ्र मुकुट हिरडीच्या आतच पूर्णपणे घडतो, आणि त्यावर कठीण लेप चढवणाऱ्या पेशी दात बाहेर पडताच नष्ट होतात. त्यामुळे उगवलेला दात झिजू शकतो, पण वाढू शकत नाही. जबडा मात्र वर्षानुवर्षे वाढत असतो. वासराच्या चिमुकल्या मुखात मावणारे दात प्रौढ बैलाच्या जबड्यास पुरणार नाहीत, म्हणून मोठ्या मापाचे दात आत तयार होत आपली मुदत येईपर्यंत थांबतात. पोटाचेही तसेच आहे. नवजात वासराचे रवंथाचे पोट अगदी लहान असते. प्यालेले दूध एका पन्हळीतून त्यास वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात उतरते, आणि कोवळा चारा तोंडी लागेल तसतसा पहिला कप्पा विस्तारत जातो. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. गाईच्या गर्भाशयातून वासरास रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याचे आतड्याचे सामर्थ्य पहिल्या दिवसाअखेर संपते. म्हणून खरवसाचा मोह आवरून पहिला चीक वासरालाच पोटभर पाजावा.

अंगणात रवणीला बसलेल्या खुडूक कोंबडीखालील पिलांची कथा याहून निराळी. एकवीस दिवसांच्या त्या अवधीत गर्भ कवचातील चुना शोषून आपली हाडे घडवतो, त्यामुळे कवचही आतून पातळ होत जाते. अखेरीस पिलू अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेते, आणि मानेमागील फुगलेल्या स्नायूच्या बळावर चोचीच्या अग्रावरील एका टणक कणाने कवचास भोक पाडते. नंतर तासन्‌तास विसावा घेत, अंगाभोवती फिरत, ते कवचाचे टोपण कापून काढते. उरलेला पिवळा बलक तत्पूर्वीच पोटात ओढून घेतलेला असल्याने एक-दोन दिवस दाणा न मिळाला तरी त्याचे निभावते. चोचीवरचा तो कण वस्तुतः दात नव्हेच. काम सरताच काही दिवसांत तो गळून पडतो. धामण आणि घोरपड यांच्या पिलांस मात्र अंड्याचे चिवट आवरण चिरण्यासाठी वरच्या जबड्याच्या अग्रभागी खराखुरा दात असतो, आणि त्याचीही सेवा तेवढ्यापुरतीच असते.

पक्ष्यांच्या पूर्वजांस दात होते, हे जीवाश्मांवरून सिद्ध झालेले आहे. २००६ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅथ्यू हॅरिस आणि जॉन फॅलन यांना एका विकृत वाणाच्या कोंबडीच्या गर्भात मगरीच्या दातांशी साम्य असलेले दंतांकुर आढळले. तो वाण अंड्यातून बाहेर येण्यापूर्वीच मरतो. तथापि कोट्यवधी वर्षांपूर्वी रद्द झालेल्या हुकुमाची नक्कल कोंबडीच्या देहात अद्याप शिल्लक आहे, हे त्यामुळे उघड झाले, आणि मला तरी या विषयातील सर्वांत विस्मयकारक शोध तोच वाटतो.

गुराच्या दातांचे वाचन करताना जात लक्षात घ्यावी लागते. डोंगराळ मुलखातील, मुसळधार पाऊस अंगावर झेलणाऱ्या डांगी जनावराचे दात उशिरा बदलतात, संकरित कालवडीचे लवकर; तेव्हा दोन्ही ‘चौसा’ असली तरी समवयस्क असतीलच असे नाही. शेळीचा हिशेब तर आणखी जलद, कारण तिची पहिली जोडी वर्ष-सव्वा वर्षातच बदलते. जनावर एकदा जुळले की पुढे नवे दात यायचे नसतात. मग पाहणारा दातांच्या कडा किती झिजल्या, माथे किती सपाट झाले, दोन दातांमध्ये फटी पडल्या काय, हे निरखतो, आणि मुरमाड रानातील आखूड गवतावर चरलेल्या बैलाचे दात कडबा खाल्लेल्यापेक्षा लवकर झिजतात हे ध्यानी धरून वयातून वर्ष-दोन वर्षे वजा करतो.