'जलाश्व'नंतर कोण?

सैन्य आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी नौदलाची 'गुलदार' ही नौका आता सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवायची, तिच्यावर प्रवाळ वाढू द्यायचं आणि पर्यटकांना ते दाखवायचं, असं ठरलं आहे. 12 जानेवारी 2024 रोजी पोर्ट ब्लेअरला 'चीता' आणि 'कुंभीर' या तशाच नौकांसोबत ती निवृत्त झाली. पुढच्या वर्षी महाराष्ट्राच्या ताब्यात आली. कोकणातल्या पोरांना त्यातून चार पैसे मिळणार असतील तर आनंदच आहे. मला सलतं ते निराळंच. 2023 च्या मे महिन्यात याच कामाची 'मगर'ही निवृत्त झाली. या नौकांच्या पुढची मोठी पिढी अजून कागदावरच आहे.

पहिली 'मगर' 1949 मध्ये ब्रिटिशांकडून आली, साठच्या दशकात पोलंडमध्ये बांधलेल्या नौका आल्या. त्या वर्षांत रेंगाळण्यासारखं फारसं नाही. अपवाद डिसेंबर 1971 च्या बांगलादेश युद्धाचा. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कॉक्स बाजारला सैन्य उतरवताना नौका वाळूच्या दांड्यामुळे काठापासून दूरच राहिल्या, आणि पाठीवर ओझं घेऊन पाण्यात उतरलेले गुरखा जवान बुडाले. किनाऱ्याची नीट पाहणी झाली नव्हती, आणि या कामाचा सरावही तुटपुंजा होता.

आता निवृत्त झालेली 'गुलदार' त्याच पोलिश घराण्यातली, 1985 ची, सुमारे 84 मीटर लांबीची. अशी नौका काठाकडे निघते तेव्हा वाटेतच मागचा नांगर टाकून ठेवते. मग तळ वाळूला टेकवायचा, पुढचे दरवाजे उघडून रॅम्प खाली सोडायचा, रणगाडे उतरवायचे आणि परतताना त्याच नांगराच्या दोरावर स्वतःला मागे ओढून घ्यायचं. तळ उथळ, त्यामुळे खवळलेल्या समुद्रात ती बेफाम डोलते. शत्रूच्या इतक्या जवळ जाऊन टेकणं हेच तिचं काम, आणि तिची मर्यादाही तीच.

म्हणूनच 2007 साली 'जलाश्व' आली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. 1971 मध्ये अमेरिकी नौदलात 'ट्रेंटन' म्हणून दाखल झालेली ही नौका सुमारे 17 हजार टनांची. मागच्या भागात पाणी भरून घ्यायचं, दार उघडायचं, की पोटातल्या छोट्या बोटी तरंगत बाहेर पडतात. मूळ जहाज खोल पाण्यातच थांबतं. भंगार विकत घेतलं, अशी टीका झाली. कॅगनेही खरेदीवर ताशेरे ओढले. फेब्रुवारी 2008 मध्ये वायुगळतीने तिच्यावरची माणसं दगावली. ती टीका मी हलक्यात घेत नाही, पण मे 2020 मध्ये हीच नौका मालेहून 698 भारतीयांना एका फेरीत कोचीला घेऊन आली.

माझा खरा राग आहे तो 'जलाश्व' आल्यानंतरच्या दशकावर. 2010 ते 2020 या काळात मी संरक्षणावरच्या बातम्या नियमाने वाचत होतो, आणि 'जलाश्व'सारख्या चार स्वदेशी नौका येणार, ही बातमी सतत फिरून फिरून यायची. 2013 मध्ये निविदा निघाली. मग मुदतवाढ. पुन्हा मुदतवाढ. दरम्यान स्पर्धेतल्या काही खासगी गोद्या कर्जात बुडाल्या, कोणाचीही किंमत उघडली गेली नाही, आणि 2020 मध्ये निविदाच रद्द झाली. "अजून थोडा वेळ द्या, सगळं मार्गी लागेल" असं दरवर्षी ठासून सांगणारे तज्ज्ञ मला आठवतात. त्यांच्यातल्या एकानेही नंतर जाब दिला नाही. 2021 मध्ये पुन्हा पहिल्यापासून माहिती मागवली गेली.

गेल्या काही वर्षांत सैन्य उतरवणाऱ्या छोट्या एलसीयू बोटी आल्या, अंदमानात त्या उपयोगीही पडतात. काठाला टेकणाऱ्या 'शार्दूल', 'केसरी', 'ऐरावत' या नौकाही आहेत. त्यांच्या बांधणीबद्दल कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीचं कौतुक करायलाच हवं. पण पोटातून बोटी सोडणारं जहाज एकच, आणि तेही पन्नाशी ओलांडलेलं.

ऑक्टोबर 2025 मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा नौकांना प्राथमिक मंजुरी दिली. मंजुरीनंतर निविदा, निविदेनंतर करार, करारानंतर बांधणी. यातला पहिला पत्रा कोणत्या गोदीत आणि कधी कापला जाणार, एवढंच मला सरकारकडून लेखी हवं आहे.