दिव्याच्या उजेडावर वीज!

मंडळी, शाळेतला सौर कॅल्क्युलेटर आठवतो? ट्यूबलाइटखालीही चालायचा! तीच युक्ती आता इमारतींत वापरतात. पण वीजबिल घटेल या आशेवर राहू नका. भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, ऑफिसात जेमतेम ५००. छतावरचे नेहमीचे पॅनेल इथे कमी पडते. त्याऐवजी कॅल्क्युलेटरमधलेच अमॉर्फस सिलिकॉन किंवा ग्रेट्झेल व ओ'रेगन यांनी १९९१ साली स्वित्झर्लंडमध्ये दाखवलेले रंगद्रव्याचे सेल लावतात. तरी तळहाताएवढ्या पट्टीतून मिळतात फार तर काही मिलिवॅट, आणि दिवा जळतो तो आपल्याच पैशांनी!

मात्र खोलीत कोणी आहे का, हे पाहणाऱ्या सेन्सरला तेवढे पुरते. कोणी नसले की दिवे, हीटिंग बंद. खरी बचत तिथे. शिवाय मोठ्या इमारतीत असे शेकडो सेन्सर. बॅटऱ्या बदलत कोण बसणार?