प्रागचं घड्याळ आणि मधल्या वेळचं प्राग

प्रागमध्ये हाताशी एकच दिवस आणि बरोबर मुलं असतील, तर किल्ल्यावर जाऊ नका. हे मी सांगते तेव्हा समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. प्रागला जायचं आणि किल्ला नाही? पण तो किल्ला साडेपाचशे मीटरहून लांब पसरलेला आहे. आत शिरायला रांग, तिकिटाला रांग. मधोमध सेंट व्हिटस कॅथेड्रल, ज्याचं काम १३४४ साली सुरू झालं आणि १९२९ साली संपलं. आपल्याकडच्या उड्डाणपुलांच्या कंत्राटदारांनी तेवढ्यासाठी तरी ते पाहून यावं. मोठ्यांना तिथे दोन दिवसही अपुरे पडतील. मुलं मात्र दुसऱ्या अंगणातच ‘अजून किती?’ विचारू लागतात, आणि मग उरलेला दिवस आइस्क्रीमच्या लाचेवर काढावा लागतो.

माझं म्हणणं असं, की मुलांबरोबरच्या दिवसाला एक खुंटी लागते. प्रागमध्ये ती जुन्या शहराच्या चौकात, नगरभवनाच्या दक्षिण भिंतीवर आहे. तिथलं खगोलीय घड्याळ, म्हणजे चेक लोकांचं ‘ऑर्लोय’, सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला खेळ करतं. एकदा पाहायचं, मग आसपास भटकायचं, पुन्हा तास भरत आला की परतायचं. प्रत्येक वेळी मुलांना त्यात काहीतरी नवं सापडतं, आणि मधल्या तासांत निम्मं शहर पाहून होतं.

इतिहासाचं कर्तव्य एका दमात उरकते. व्ल्तावा नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं हे बोहेमियाच्या राजांचं शहर. चौदाव्या शतकात चौथ्या चार्ल्सने इथे १३४८ साली विद्यापीठ काढलं आणि १३५७ साली दगडी पुलाचा पाया घातला. चर्चच्या कारभारावर कोरडे ओढणाऱ्या यान हुसला १४१५ साली जिवंत जाळलं गेलं. १६१८ साली राजाच्या अधिकाऱ्यांना किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकल्याचं निमित्त होऊन युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. फेकलेले लोक वाचले, हे मुलांना जरूर सांगा. पुढे हाब्सबर्ग घराण्याची सत्ता, १९१८ साली चेकोस्लोव्हाकिया, मग नाझी, मग कम्युनिस्ट, आणि १९९३ पासून चेक प्रजासत्ताक. झालं. आता घड्याळाकडे वळू.

नऊला दहा मिनिटं कमी असताना तिथे पोहोचावं. त्या वेळी गर्दी बेताची असते आणि लहानांनाही पुढे उभं राहता येतं. माझ्याबरोबर भाचा होता, दुसरीतला, आणि भाची, सहावीतली. ठोका पडायच्या आधी वरच्या तबकडीच्या उजव्या बाजूचा सांगाडा एका हाताने घंटेची दोरी ओढतो, दुसऱ्या हातातलं वाळूचं घड्याळ उलटं करतो आणि मान डोलावतो: चला, वेळ झाली. शेजारचा पगडीवाला तुर्क, डावीकडचा आरशात रमलेला गर्विष्ठ आणि पैशाची थैली धरलेला कंजूष हे तिघं ‘नाही, नाही’ करत माना हलवतात. वर दोन खिडक्या उघडतात आणि त्यांतून येशूचे बारा शिष्य एकेक करून डोकावून जातात. खिडक्या मिटतात, सर्वांत वरचा सोनेरी कोंबडा आरवतो आणि ठोके पडतात. सगळा कारभार मिनिटाच्या आत आटोपतो. ‘एवढंच?’ असा सूर गर्दीत दर तासाला अनेक भाषांत निघतो. त्या सुरावर जाऊ नका. बाहुल्या ही नंतरची भर आहे. कोंबडा तर एकोणिसाव्या शतकातला. खरी करामत वरच्या तबकडीत आहे, आणि गर्दी पांगल्यावर ती निवांत बघता येते.

तबकडीच्या मध्यभागी पृथ्वी आहे, कारण हे यंत्र १४१० सालचं आहे आणि कोपर्निकस जन्मायला तेव्हा साठेक वर्षं अवकाश होता. निळा भाग दिवसाचा, नारिंगी संधिप्रकाशाचा, तळाचा काळा रात्रीचा. त्यावरून सोनेरी सूर्य फिरतो, अर्धा काळा आणि अर्धा रुपेरी असा चंद्राचा गोळा फिरतो, आणि बारा राशींचं एक कडं मध्याला सोडून तिरकं फिरत राहतं. वेळ मात्र एक नाही. रोमन आकडे दाखवतात ती आजची. सर्वांत बाहेरच्या कड्यावर जुन्या वळणाचे चोवीस आकडे आहेत. ती जुनी चेक वेळ, सूर्यास्तापासून मोजायची. मेच्या मध्याला प्रागमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणून सकाळी नऊ वाजता सोन्याचा हात त्या कड्यावर सव्वाबाराच्या जवळपास असतो. सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून कडंही वर्षभर मागेपुढे सरकत राहतं. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, यांचा मावळतीला.

तिसरी वेळ आपल्या लोकांना सर्वांत लवकर कळेल. उगवतीपासून मावळतीपर्यंतच्या काळाचे सारखे बारा भाग, ते वक्र सोनेरी रेघांनी दाखवले आहेत. म्हणजे तासाची लांबी ऋतूप्रमाणे बदलते: जूनमधला तास ऐंशी मिनिटांचा, डिसेंबरातला चाळीस मिनिटांचा. युरोपीय पुस्तकांत हे फार अवघड करून सांगितलेलं असतं. आपल्याकडे दिनमानाचे आठ भाग करून त्यातला एक राहूला देतात. कॅलेंडरातला राहुकाळ रोज थोडा सरकतो तो त्यामुळेच. हे सांगितल्यावर भाचीच्या डोक्यात प्रकाश पडला. मात्र ‘राहूला ऐंशी मिनिटं का नाहीत?’ याचं उत्तर मला तिथल्या तिथे गणित मांडून द्यावं लागलं.

आता माझ्या खास आवडीची गोष्ट. हे घड्याळ इतकी वर्षं कोणत्या हिशोबावर चाललं? मागे एका आसावर तीन मोठी चाकं आहेत: एकाला ३६५ दाते, दुसऱ्याला ३६६, तिसऱ्याला ३७९. तिघांनाही चोवीस दात्यांचं सारखंच लहान चाक ढकलतं. ३६६ दात्यांचं चाक बरोबर चोवीस तासांत एक फेरी करतं आणि सूर्याला फिरवतं. ३६५ वाल्याला एक दाता कमी, म्हणून ते सुमारे चार मिनिटं आधी फेरी पुरी करतं; ते राशींचं कडं. खऱ्या आकाशातही तारे रोज चारेक मिनिटं आधी उगवतात. ३७९ वाल्याला तेरा दाते जास्त, ते एकावन्न मिनिटं मागे पडतं, तो चंद्र. संकष्टीला उपाशीपोटी चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्यांना हे एकावन्न मिनिटांचं प्रकरण नव्याने सांगायला नको. एका दात्याच्या फरकात वर्ष बसवायचं आणि तेरा दात्यांत महिना! मी हे हुसच्या स्मारकाशेजारी बसून तिकिटाच्या पाठीवर तीन वर्तुळं काढून समजावलं. भाचा लक्ष देऊन ऐकत होता. त्याचा पुढचा दुधाचा दात तेव्हा जिभेने हलत होता. ‘मावशी, घड्याळाचा एक दात पडला तर?’ तर सूर्य ताऱ्यांबरोबरच फिरेल आणि कायम एकाच राशीत अडकून बसेल, असं मी म्हटलं. त्याने तोंडात बोट घालून आपला दात घट्ट धरला.

हे यंत्र करणाऱ्याची एक भयंकर कथा सगळे गाईड सांगतात: हानुश नावाच्या कारागिराने ते बनवलं आणि दुसऱ्या शहरासाठी असं पुन्हा करू नये म्हणून नगरपालांनी त्याचे डोळे काढले. ‘ही तर ताजमहालाची गोष्ट,’ भाची म्हणाली, आणि ती बरोबर होती. आलोइस यिरासेकच्या १८९४ च्या जुन्या चेक कथांच्या पुस्तकाने ती घराघरांत नेली. खरा कर्ता १४१० च्या कागदपत्रांतून सापडला: कादान्यचा घड्याळजी मिकुलाश. खगोलाचं गणित यान शिंडेल या प्राध्यापकाचं मानतात. कोणाचे डोळे गेले नाहीत, हे ऐकून दोन्ही मुलं जराशी नाराज झाली.

खरी इजा घड्याळाला झाली ती ८ मे १९४५ रोजी. युद्ध संपत आलेलं, प्रागमध्ये उठाव झालेला, आणि जर्मन तोफांनी नगरभवन पेटवलं. शिष्यांच्या लाकडी मूर्ती जळाल्या. आजच्या मूर्ती वोयत्येख सुखार्दाने कोरल्या आणि घड्याळ १९४८ साली पुन्हा चालू झालं. नगरभवनाचा जळालेला भाग मात्र परत बांधलाच नाही. तिथे आता मोकळी हिरवळ आहे आणि मुलांना पळायला चौकात तेवढी एकच बरी जागा आहे. २०१८ साली मोठी दुरुस्ती होऊन विजेचं यंत्र काढलं आणि १८६० च्या दशकातलं यंत्र परत बसवलं. कोणतीही महानगरपालिका मागे जाऊन जुनं यंत्र बसवते, हे मला अजून अद्भुत वाटतं.

आता मधले तास. चौकाच्या पलीकडे टिनचं चर्च, दोन टोकदार मनोऱ्यांचं. तिथे टिको ब्राहेची कबर आहे. हा डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ १५९९ साली सम्राटाच्या पदरी प्रागला आला आणि १६०१ साली वारला. तरुणपणी तलवारीच्या द्वंद्वात त्याचं नाक गेलं, तेव्हापासून तो धातूचं नाक लावी. सोन्या-चांदीचं असल्याचं शतकानुशतकं बोललं जाई. २०१० साली कबर उघडून हाडांची तपासणी केली तेव्हा पितळेच्या खुणा निघाल्या. या नाकासाठी मुलं दहा मिनिटं चर्चमध्ये गप्प उभी राहतात. त्याच्या निरीक्षणांवरूनच केप्लरने ग्रहांचे पहिले दोन नियम काढले आणि १६०९ साली छापले, म्हणजे पृथ्वीला मध्यावरून हटवणारं निम्मं काम या घड्याळाच्या हाकेच्या अंतरावर झालं. नगरभवनासमोरच्या फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस आहेत, १६१८ च्या त्या बंडातल्या सत्तावीस जणांना २१ जून १६२१ रोजी इथे मारलं त्यांचे. मुलांना मोजायला सांगा. बेरीज प्रत्येक वेळी वेगळी येते.

पोटापाण्याचं पटकन सांगते. तळलेल्या चीजचा जाड तुकडा बटाट्यांबरोबर मिळतो, शाकाहारी मुलांचं त्यावर निभतं. पिशवीत दशम्या आणि लाडू असावेतच. कोळशावर भाजलेली, साखरेत घोळलेली ती पोकळ नळी, ट्रडेलनीक, दर दहा पावलांवर ‘जुनी परंपरा’ म्हणून विकतात. ती परंपरा पर्यटकांइतकीच नवी आहे, पण मुलांपुढे हे बोलून फायदा नाही. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी जवळ ठेवा. बाबागाडी आणू नका, दगडी रस्ते तिचा जीव घेतात. चार्ल्स पूल ५१६ मीटरांचा, तीस पुतळ्यांचा आणि हजार सेल्फींचा. दुपारच्या आत उरका. पुलाचा मुहूर्त १३५७ साली, नवव्या तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी धरला अशी कथा आहे: १३५७९७५३१, उलटंसुलटं वाचलं तरी तेच. मला ती नंतरची रचना वाटते, पण भाचीने वहीत लिहून घेतली.

जेवणानंतर पाच-सात मिनिटं चालून योसेफोव्हला जा, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत. तिथल्या ज्यू नगरभवनावर दोन घड्याळं आहेत. वरचं नेहमीसारखं. खालच्यावर हिब्रू अक्षरांचे आकडे आहेत आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून काटेही उलटे फिरतात. आम्ही त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिलो, कारण मिनिटकाटा उलटा सरकलेला पाहिल्याशिवाय भाचा हलेना.

तीनला पुन्हा चौकात. या खेपेला बाहुल्यांकडे कोणी पाहिलं नाही. साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेसहा वाजले होते. ऑर्लोयवर चंद्राचा हात राशींच्या कड्याला छेदतो, तिथे त्या वेळी तूळ होती. गोळा बहुतेक सगळा रुपेरी, पण अजून क्षितिजाखाली. आईने भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं. ‘शुक्ल त्रयोदशी. पण चंद्र कन्येत आहे, तुळेत नाही. आणि क्षितिजाखाली कसा? मला गच्चीतून वर आलेला दिसतोय.’ क्षितिजाचं सोपं होतं: तबकडी प्रागचं आकाश दाखवते, साताऱ्याचं नव्हे, आणि प्रागमध्ये चंद्र उगवायला अजून दोनेक तास होते. राशीचा घोळ जरा खोल. पाश्चात्त्य राशी वसंतसंपातापासून मोजतात, आपल्या ताऱ्यांपासून. संपात बहात्तर वर्षांत एक अंश सरकतो, त्यामुळे आता दोहोंत सुमारे चोवीस अंशांचं अंतर पडलं आहे. म्हणूनच या घड्याळावर सूर्य डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मकरेत जातो आणि आपण तिळगूळ चौदा जानेवारीला वाटतो. मी हे सगळं फोनवर, गर्दीत, ओरडून सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हणजे ते चोवीस अंश पुढे आहे,’ ती म्हणाली. ‘मग कोणाला तरी सांगून लावून घ्या की बरोबर.’