आयरिश परंपरेची घडण

आयर्लंड हे बेट आकाराने महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडेसेच मोठे असले, तरी जगभर ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या खुणा त्या मानाने पुष्कळ आहेत: हिरवा रंग, तीन पानांचा शॅमरॉक, हार्प हे तंतुवाद्य, १७ मार्चची मिरवणूक आणि पबमध्ये रंगणारे संगीत. या खुणा प्राचीन केल्टिक काळापासून अखंड चालत आल्या आहेत, असा समज परदेशात आणि पर्यटन खात्याच्या कृपेने खुद्द आयर्लंडमध्येही रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. बॉइन नदीकाठचे न्यूग्रेंजचे दगडी थडगे इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचे, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुने आहे आणि ‘बुक ऑफ केल्स’ हे शुभवर्तमानांचे चित्रांकित हस्तलिखित इ.स. ८०० च्या आसपासचे आहे. पण या ठेव्यातून काय निवडायचे, काय गाळायचे आणि निवडलेल्या गोष्टीला नियम व संस्था कशा द्यायच्या, हे मुख्यतः १८८० नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत ठरले आणि ते ठरवणाऱ्यांत शिक्षक, पत्रकार, कारकून व धर्मगुरू यांचा भरणा होता.

हे सारे ठरवण्याची निकड भासण्यामागे एक भीषण आपत्ती होती. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि गरीब शेतकऱ्याचे बहुतेक सारे पोट त्या एका पिकावर अवलंबून असल्यामुळे पुढील सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी दगावली, तर त्याहून अधिक माणसे देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत नोंदलेली सुमारे ८२ लाखांची लोकसंख्या बेटाने आजही पुन्हा गाठलेली नाही. दुष्काळाचा सर्वाधिक तडाखा पश्चिमेकडील भागाला बसला आणि आयरिश भाषा, गाणी, कथा व जुने खेळ सर्वाधिक टिकून होते तेही तिथेच. म्हणून मेलेल्या व परागंदा झालेल्या माणसांबरोबर एक संपूर्ण लोकजीवनच उजाड होत गेले.

त्यावरचा पहिला यशस्वी उपाय मैदानावर सापडला, ही आयरिश पुनरुज्जीवनातील सर्वांत लक्षणीय गोष्ट मानावी लागेल. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावातील एका हॉटेलात मायकल क्युसॅक या शाळामास्तरांच्या पुढाकाराने गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. हर्लिंग हा काठी व चेंडूचा खेळ त्याआधी गावोगाव वेगवेगळ्या रीतीने खेळला जात असे. संस्थेने त्याला एकच नियमावली दिली आणि त्याच्या जोडीला गेलिक फुटबॉल उभा केला. हर्लिंगमध्ये दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू असतात. इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराच्या गोलखांबांत आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर तीन गुण आणि वरून गेला तर एक गुण मिळतो. खेळाची काठी ॲश वृक्षाच्या बुंध्याच्या अगदी तळापासून कापतात, कारण मुळांकडे वळताना लाकडाची रेघ जिथे नैसर्गिकरीत्या वाकते तिथूनच काठीचे रुंद, वक्र टोक मिळते व ते फटक्याला तुटत नाही. अलीकडे ॲशच्या झाडांवर बुरशीजन्य रोग पसरल्यामुळे बांबूच्या व कृत्रिम पदार्थांच्या काठ्याही वापरात आल्या आहेत, आणि जुन्या खेळाडूंना त्यांचा आवाज फारसा रुचत नाही.

नियमांपेक्षाही महत्त्वाची होती ती संस्थेची रचना. तिचा पाया पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वाड्या-वस्त्या, हा धरण्यात आला. खेळाडू आपल्या पॅरिशच्या क्लबकडून आणि निवड झाल्यास आपल्या काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याकडून, खेळतो. त्याला पगार मिळत नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२,००० हून अधिक प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळलेला तरुण चार दिवसांनी आपल्या शाळेत शिकवताना किंवा गोठ्यात दूध काढताना दिसतो. याच मैदानावर २१ नोव्हेंबर १९२० रोजी, स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी केलेल्या गोळीबारात १४ जण मारले गेले आणि त्यांतील मायकल हॉगन या टिपेररीच्या खेळाडूचे नाव तेथील एका प्रेक्षागृहाला दिलेले आहे. क्रिकेट, रग्बी यांसारखे ‘परके’ खेळ खेळणाऱ्या किंवा नुसते पाहणाऱ्या सभासदाला काढून टाकण्याचा नियम मात्र संस्थेने १९७१ पर्यंत चालू ठेवला; त्यात राष्ट्राभिमानापेक्षा आडमुठेपणाच जास्त होता. २००७ मध्ये त्याच क्रोक पार्कवर इंग्लंडचा रग्बी संघ खेळला, त्याचे राष्ट्रगीत वाजले आणि प्रेक्षकांनी ते शांतपणे ऐकून घेतले. युनेस्कोने २०१८ मध्ये हर्लिंगचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

भाषेच्या बाबतीत हे जमले नाही. डग्लस हाइड, ओएन मॅकनील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन केली. हे साल मराठी वाचकाला सार्वजनिक गणेशोत्सवाचे म्हणून परिचित आहे आणि हा योगायोग असला, तरी परकीय सत्तेखाली उघड राजकारण अवघड असताना संस्कृतीच्या निमित्ताने माणसे एकत्र आणण्याची युक्ती दोन्हीकडे एकाच जातीची होती. हाइड हे प्रॉटेस्टंट धर्मगुरूंचे चिरंजीव असूनही कॅथलिक शेतकऱ्यांच्या भाषेचे पुरस्कर्ते झाले व १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्षही झाले. पण लीग स्थापन होईपर्यंत इंग्रजी माध्यमाच्या शाळा, दुष्काळ आणि स्थलांतर या तिन्हींनी आपले काम केले होते. एके काळी शाळकरी मुलाच्या गळ्यात काठी अडकवून त्याने उच्चारलेल्या प्रत्येक आयरिश शब्दागणिक तिच्यावर खाच पाडत आणि दिवसअखेरीस खाचांच्या हिशेबाने छड्या मारत. यात पालकांचीही संमती असे, कारण बोस्टनच्या जहाजावर आयरिशचा उपयोग नव्हता.

स्वतंत्र राज्याने उलट टोक गाठले. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला आणि शालान्त परीक्षेत आयरिशमध्ये नापास झालेला विद्यार्थी १९७३ पर्यंत संपूर्ण परीक्षेतच नापास ठरत असे. जी भाषा घरात राहिली नव्हती ती वर्गात सक्तीने शिकवून परत आणता येईल, ही अपेक्षाच चुकीची होती. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८.७ लाख लोकांनी आयरिश येत असल्याचे नोंदवले, पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे सुमारे ७२,००० च निघाले. गेलटाख्त, म्हणजे आयरिश ही अद्याप लोकभाषा असलेले मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरील प्रदेश, आकुंचन पावत आहेत. उन्हाळ्यात शहरी किशोरवयीन मुले तेथील घरांत काही आठवडे राहतात आणि घरधनिणीशी आयरिशमध्येच बोलण्याचा नियम पाळतात. आयरिश माध्यमाच्या शाळा व १९९६ मध्ये सुरू झालेली आयरिश भाषेतील दूरचित्रवाहिनी यांनीही भाषेला शहरात नवा, तरुण वर्ग मिळवून दिला आहे.

लोकसाहित्याच्या संकलनात मात्र सरकारने दूरदृष्टी दाखवली. १९३५ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग नेमला गेला आणि १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील ५०,००० च्या आसपास मुलांना वहीत घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी, औषधे, खेळ, म्हणी व भुताखेतांच्या कथा लिहून आणण्यास सांगण्यात आले. जुन्या ऋतुचक्राची कितीतरी माहिती या वह्यांमुळेच टिकली. साउइन हा हिवाळ्याच्या आरंभीचा सण ३१ ऑक्टोबरच्या रात्री येतो. सलगम कोरून केलेले दिवे त्याच्याशी निगडित होते आणि अमेरिकेत गेल्यावर सलगमाच्या जागी भोपळा येऊन आजचे हॅलोविन झाले. त्या दिवशीच्या बार्मब्रॅक या मनुका घातलेल्या पावात अंगठी दडवलेली असते व ती ज्याच्या तुकड्यात येईल त्याचे वर्षभरात लग्न होणार, असे मानतात. १ फेब्रुवारीला संत ब्रिजिड हिच्या नावाने लव्हाळ्याचे क्रॉस विणून दारावर लावतात. या दिवसानिमित्त सार्वजनिक सुट्टी मात्र २०२३ पासूनच मिळू लागली.

संगीताचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. टरलॉ ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) या अंध हार्पवादकाच्या काळी हार्प उमरावांच्या आश्रयावर जगत असे आणि तो आश्रय सरल्यावर १७९२ च्या बेलफास्टमधील मेळाव्यात उरलेल्या मोजक्या वृद्ध वादकांच्या चाली एडवर्ड बंटिंग यांनी उतरवून घेतल्या. आज हार्प राजचिन्हावर व नाण्यांवर आहे. गिनेस या मद्य कंपनीने आधीच हार्प आपल्या व्यापारचिन्हात घेतलेला असल्यामुळे सरकारी हार्पचे तोंड उलट दिशेला ठेवावे लागले. नृत्याबद्दल एवढेच सांगणे पुरे की, अस्सल ग्रामीण म्हणून ओळखला जाणारा ‘केली’ हा नृत्यमेळावा आजच्या रूपात प्रथम १८९७ मध्ये गेलिक लीगच्या शाखेने लंडनमध्ये भरवला.

साहित्याचा आवाका स्वतंत्र लेखाचा आहे. १९०४ मध्ये यीट्स व लेडी ग्रेगरी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ॲबी थिएटरमध्ये १९०७ साली सिंग या आयरिश नाटककाराच्या नाटकावरून प्रेक्षकांनी दंगा केला, कारण त्यातला शेतकरी राष्ट्रवाद्यांना हवा तसा सोज्ज्वळ नव्हता. याच रंगभूमीने १९१३ मध्ये रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ इंग्रजीत सादर केले. भारताशी जोडणारे राजकारणातले धागेही जुने आहेत. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्ये उठाव झाला आणि त्याच महिन्यात लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, जिचे नाव आयरिश चळवळीतून आलेले होते. पुढे भारतीय राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पनाही आयरिश घटनेवरूनच घेण्यात आली. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातील वराड गावचे आहेत.

१७ मार्चची संत पॅट्रिकची मिरवणूक, जी परदेशात आयर्लंडचा चेहरा समजली जाते, ती मुळात स्थलांतरितांची आहे. न्यूयॉर्कमध्ये ती अठराव्या शतकापासून निघते, तर आयर्लंडमध्ये हा दिवस चर्चला जाण्याचा होता आणि १९२७ च्या कायद्यानुसार त्या दिवशी पब बंद असत, ही बंदी १९६० च्या सुमारास उठली. म्हणून डब्लिनला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने मार्चमधील गर्दीपेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरमधील एखादा रविवार निवडावा, शहराबाहेरच्या मैदानावर दोन पॅरिशांमधला हर्लिंगचा सामना पाहावा आणि जवळ रेनकोट ठेवावा.