एका पेल्यात भांग किती? घरगुती अंदाज का फसतो

धुळवडीच्या थंडाईत बदाम किती, खसखस किती, मिरी किती घालायची, याचे माप घरातल्या कुणाला तरी तोंडपाठ असते. भांगेचे माप मात्र ‘मूठभर’, ‘सुपारीएवढी गोळी’ किंवा ‘गेल्या वर्षीएवढीच’ असे सांगितले जाते. मिरी जास्त झाली तर घसा खवखवतो, एवढेच. भांग जास्त झाली तर माणूस रुग्णालयात पोहोचू शकतो. त्यामुळे एका पेल्यात अमली द्रव्य नेमके किती, हा प्रश्न आरोग्याचा आहे. त्याचे खरे उत्तर असे की, घरच्या घरी ते ठरवताच येत नाही. का येत नाही, हे समजले तर पुढचे बरेच धोके टळतात.

हा विषय मूठभर लोकांपुरता नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले व्यसनविषयक राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे २.२ कोटी भारतीयांनी वर्षभरात भांग घेतली होती. गांजा आणि चरस घेणाऱ्यांची संख्या १.३ कोटींच्या आसपास होती. म्हणजे आपल्याकडे हे झाड ओढण्यापेक्षा खाण्यापिण्यातून अधिक लोकांच्या पोटात जाते.

पानापासून पेल्यापर्यंत

भांगेचा अंमल चढतो तो प्रामुख्याने टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल, म्हणजे ‘टीएचसी’ या द्रव्यामुळे. इस्रायलचे रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये ते वेगळे करून त्याची रचना उलगडली. झाडाच्या सर्व भागांत ते सारखे नसते. मादी झाडाच्या फुलोऱ्यात ते सर्वाधिक, पानांत बरेच कमी आणि देठांत नगण्य असते. फुलोऱ्यात साधारण १० टक्के आणि पानांत १ ते २ टक्के, असे ढोबळ आकडे दिले जातात. पण झाडाचा वाण, ऊन, काढणीची वेळ आणि साठवण यांनुसार तेही बदलतात.

आता एक हिशेब करून पाहू. पनवेल तालुक्यातले बेलपाडा हे खारघरला लागून असलेले गाव. आज तिथे नवी मुंबई मेट्रोचे स्थानक आहे आणि गावाभोवती गृहसंकुले उभी आहेत. समजा, अशाच एखाद्या संकुलात धुळवडीला दहा पेले थंडाई केली आणि तीत १० ग्रॅम सुकी पाने वाटून घातली. पानांत १ टक्का द्रव्य धरले तर एकूण १०० मिलिग्रॅम होते. दहा पेल्यांत वाटले की पेल्यामागे १० मिलिग्रॅम. हिशेब सोपा वाटतो, पण त्याच्या प्रत्येक पायरीवर गफलत आहे.

पहिली पायरी पानाची. ते १ टक्क्याऐवजी अर्ध्या टक्क्याचे असेल तर एकूण ५० मिलिग्रॅम, २ टक्क्यांचे असेल तर २००. पुडीत पानांबरोबर फुलोऱ्याचा चुराही आला असेल, तर गणित पूर्णच बदलते. दहापैकी फक्त २ ग्रॅम फुलोरा १० टक्क्यांचा असला तरी तेवढ्यातूनच २०० मिलिग्रॅम येतात आणि उरलेल्या पानांचे वेगळे. वाटून गोळा केलेल्या हिरव्या लगद्यात पान किती आणि फूल किती, हे डोळ्यांना ओळखता येत नाही.

दुसरी पायरी उष्णतेची. ताज्या झाडात टीएचसी बहुतांशी त्याच्या आम्लरूपात असते आणि या रूपात नशा जवळपास नसते. उष्णता लागली की त्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते ते नशा देणारे टीएचसी. या बदलात वजनही घटते. १०० मिलिग्रॅम आम्लापासून फार तर ८८ मिलिग्रॅम टीएचसी मिळते. पाने किती सुकवली, किती दिवस ठेवली, उकळली की तुपात परतली, यावर हा बदल किती झाला हे ठरते. तो अर्धवट झाला की पूर्ण, हे रंगावरून किंवा वासावरून कळत नाही. फार जुन्या मालात उलट टीएचसीच विघटित होऊन कमी झालेले असते.

तिसरी पायरी दुधाची. टीएचसी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून पाने पाण्याने कितीही धुतली तरी ‘जोर उतरतो’ असे मानणे चुकीचे आहे. धुण्याने माती, रंग आणि काही कडवटपणा जातो. दूध किती सायीचे, वाटण किती बारीक, यावर द्रव्य दुधात किती उतरले आणि फडक्यातल्या चोथ्यात किती राहिले, हे ठरते.

चौथी पायरी वाटपाची. थंडाईत वाटणाचे कण तळाशी बसतात. वरचा पेला पातळ आणि शेवटचा गाळाचा. लाडू किंवा बर्फीत तर मिश्रण एकजीव होणे आणखी अवघड. एकाच ताटातल्या दोन लाडवांत दुपटीचा फरक सहज पडू शकतो.

आता मूळ हिशेबाकडे वळू. पाने अर्ध्या टक्क्याची, आम्लाचे रूपांतर निम्मेच झालेले आणि त्यातलेही निम्मेच दुधात उतरलेले, असे धरले तर पेल्यामागे जेमतेम १ मिलिग्रॅम उरते. पाने २ टक्क्यांची, रूपांतर पूर्ण आणि सगळे द्रव्य दुधात आले, असे धरले तर पेल्यामागे १७ मिलिग्रॅमच्या वर जाते. पाककृती एक, पातेले एक, आणि फरक १६ पटींचा. गाळाचा पेला त्याहून निराळा.

हे आकडे म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून दोन तुलना पुरेशा आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेने २०२१ मध्ये संशोधनासाठी ५ मिलिग्रॅम हे टीएचसीचे प्रमाण एकक ठरवले. केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर तिथे १९८५ पासून मान्य असलेल्या ड्रोनाबिनॉल या टीएचसीयुक्त औषधाची सर्वांत लहान कॅप्सूल २.५ मिलिग्रॅमची असते. सवय नसलेल्या माणसाला १७ मिलिग्रॅमचा एकच पेला फार होऊ शकतो.

पोटातला उशीर

एवढे करून माप अचूक साधले, असे गृहीत धरले तरी शरीराचा हिशेब वेगळाच असतो. धूर ओढल्यावर द्रव्य फुप्फुसांतून काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते. खाल्लेली भांग पोटातून आतड्यात, तिथून यकृतात आणि मग रक्तात जाते. यात अर्धा तास ते दोन तास जातात. अंमल शिगेला पोहोचायला दोन ते चार तास लागतात आणि तो सहा-आठ तास, कधी त्याहून अधिक टिकतो. यकृत टीएचसीचा मोठा भाग निकामी करते, पण काही भागाचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी या दुसऱ्या नशा आणणाऱ्या द्रव्यात रूपांतर करते. पोटात गेलेल्यापैकी साधारण ४ ते १२ टक्केच टीएचसी मूळ रूपात रक्तात पोहोचते. तेलकट जेवणाबरोबर हे प्रमाण वाढते. म्हणून एकाच पातेल्यातला एकच पेला दोघांना सारखा चढत नाही आणि त्याच माणसालाही दर वेळी सारखा चढत नाही.

सर्वांत मोठा घात होतो तो या उशिरामुळे. पाऊण तासात काहीच जाणवत नाही म्हणून दुसरा पेला घेतला जातो, मग तिसरा. आणि पहिला चढू लागतो तेव्हा उरलेले दोन वाटेतच असतात. ‘चमचाभर चाखून जोर पाहू’ ही युक्तीही याच कारणाने फसते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात मार्च २०१४ मध्ये घडलेली घटना तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने नोंदवली आहे. १९ वर्षांच्या तरुणाने परवानाधारक दुकानातून आणलेल्या बिस्किटाचा एक तुकडा खाल्ला. अर्ध्या-एक तासात काही जाणवले नाही म्हणून उरलेले सगळे बिस्किट संपवले. त्यात ६५ मिलिग्रॅम टीएचसी होते, म्हणजे तिथल्या नियमाने साडेसहा जणांचा वाटा. पुढच्या काही तासांत त्याचे वागणे बिघडत गेले आणि चौथ्या मजल्यावरून उडी मारून त्याचा मृत्यू झाला. त्या बिस्किटावर छापील माप होते. घरच्या लाडवावर तेही नसते.

छापील मापही विश्वासार्ह असतेच असे नाही. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील तीन शहरांतून घेतलेली ७५ खाद्य उत्पादने तपासली गेली. टीएचसीचे प्रमाण बरोबर छापलेली उत्पादने अवघी १७ टक्के निघाली. २३ टक्क्यांत छापल्यापेक्षा जास्त द्रव्य होते, तर उरलेल्यांत कमी. यंत्रसामग्री आणि प्रयोगशाळा असलेल्या कारखान्यांची ही गत, तर घरच्या खलबत्त्याकडून अचूकतेची अपेक्षा कशी ठेवायची?

कुणाला धोका अधिक

पहिला धोका लहान मुलांना. त्यांना लाडू हा लाडूच दिसतो आणि थंडाई म्हणजे गोड दूध. प्रौढाच्या वाट्याचा पेला १२ किलोच्या बाळाच्या पोटात गेला, तर वजनाच्या मानाने तो मात्रेच्या पाचपट ठरतो. मुलांमध्ये गुंगी, तोल जाणे, झटके, बेशुद्धी आणि श्वास मंदावणे असे गंभीर परिणाम दिसतात. अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी गांजायुक्त खाद्य खाल्ल्याच्या २०१७ मध्ये २०७ नोंदी होत्या. २०२१ मध्ये त्या ३,०५४ झाल्या.

दुसरा धोका हृदयविकार असणाऱ्यांना आणि ज्येष्ठांना. टीएचसीने नाडी वेगाने चालते आणि उठून उभे राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. चक्कर येऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे हे वय झालेल्यांच्या बाबतीत किरकोळ नाही. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणाऱ्यांना औषधांच्या परस्पर परिणामांचा धोका असतो. दारूबरोबर भांग घेतली की दोन्हींचा अंमल वाढतो. गरोदर आणि स्तनदा मातांनी ती पूर्ण टाळावी. स्वतःला किंवा घरात कुणाला तीव्र मानसिक आजार झालेला असेल, त्यांनीही दूर राहिलेले बरे.

कर्करोगाच्या उपचारात मळमळ थांबावी, भूक लागावी म्हणून घरच्या घरी भांग देण्याचा मोहही काही कुटुंबांना होतो. बेलपाड्याच्या शेजारी खारघरमध्येच टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संस्था आहे. अशा उपचारांवर असलेल्या रुग्णाने डॉक्टरांना न विचारता घरगुती भांग घेऊ नये. ठरलेल्या मात्रेचे औषध आणि अंदाजाने घोटलेला पेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयुर्वेदात ‘विजया’ म्हणून भांग वापरली जाते, हे खरे. पण औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत तिची गणना विषारी द्रव्यांच्या यादीत केली असून ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असते.

कायदा काय म्हणतो

‘पाने कायद्यात बसत नाहीत’ असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, आणि फुलोऱ्यासोबत नसलेली पाने व बिया त्यातून वगळल्या आहेत. परंतु पानांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा भांगेलाही लागू होतो आणि परवान्याशिवाय ती बनवणे, बाळगणे वा विकणे गुन्हा आहे. पुडीत फुलोरा निघाला तर थेट केंद्रीय कायदा लागतो.

कुणाला जास्त झाली तर

व्यक्तीला एकटे सोडू नये. शांत, कमी उजेडाच्या खोलीत बसवावे. गुंगी असेल तर कुशीवर झोपवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. गॅलरी, गच्ची आणि जिना यांपासून दूर ठेवावे. लिंबू, चिंच, ताक बळजबरीने पाजू नये. भांगेवर तो उतारा नाही, आणि गुंगीतल्या माणसाला ठसका लागून जीव धोक्यात येऊ शकतो. उलटी करवण्याचा प्रयत्नही करू नये. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि अंमल रात्री उशिरापर्यंत टिकला असेल तर दुसऱ्या सकाळीही नाही.

हाका मारून जाग येत नसेल, श्वास संथ झाला असेल, छातीत दुखत असेल, झटके येत असतील किंवा उलट्या थांबत नसतील, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लहान मुलाने किती खाल्ले याचा अंदाज बांधत बसू नये. एक घोट घेतल्याची शंका आली तरी रुग्णालय गाठावे. उरलेला पदार्थ सोबत न्यावा. काय घेतले, केव्हा घेतले आणि सोबत दारू किंवा गोळ्या होत्या का, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. माहिती लपवली तर मेंदूज्वरापासून डोक्याच्या दुखापतीपर्यंत सगळ्या शक्यता तपासण्यात वेळ जातो. सवय सुटत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

सणाला घरी पाहुणे येणार असतील तर एक साधी दक्षता घेता येते. पाहुण्यांना न सांगता भांग घातलेला पेला देणे ही थट्टा नव्हे. ज्याला दिली त्याचे आजार आणि औषधे देणाऱ्याला माहीत नसतात. म्हणून सणाच्या पातेल्यात थंडाई फक्त थंडाईच असावी.