गोधडी, तुरीची पोती आणि हजार रुपयांचा माइक

आपल्यापैकी बरेच जण आता पुण्यात, हैदराबादेत, बंगळूरूत नाहीतर परदेशात राहतात. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद ही गावं सणासुदीपुरती उरली आहेत. पण गावी अजून एखादी आजी किंवा आत्या असते, जिला जात्यावरच्या ओव्या, पाळणे, भजनं तोंडपाठ असतात. मराठी ओवीत मधेच कन्नड शब्द येतो, एखादा दखनी उर्दूचाही डोकावतो, आणि गाणारीला त्यात काही वेगळं वाटत नाही. ही आपल्या सीमाभागाची मराठी पाठ्यपुस्तकात मिळत नाही. ती फक्त या मंडळींच्या गळ्यात आहे.

गी पॉइट्विन आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम केलं. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी ओव्या डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रित केल्या. आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्या काळी यासाठी महागडी यंत्रं लागत. आज तेच काम आपल्या खिशातला फोन करू शकतो.

कोणता माइक?

पहिल्यांदा करणार असाल तर कॉलरला लावायचा वायरचा माइक घ्या. बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा त्यातला ओळखीचा. साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि वायर सहा मीटर लांब असते. त्यामुळे फोन तुमच्या हातात आणि गाणारी निवांत आपल्या जागी, असं जमतं. नव्या फोनला हेडफोनचं गोल छिद्र नसतं, तेव्हा छोटा अडॅप्टर सोबत ठेवा.

स्वतः गाणी म्हणून रेकॉर्ड करायची असतील तर लॅपटॉपला थेट जोडता येणारा यूएसबी माइक किंवा साधा डायनॅमिक माइक पाहा. कंडेन्सर माइक फार हळवा असतो. गळ्यातली बारीक हरकत टिपतो, तशीच शेजारची मोटारसायकल आणि कुत्रंही टिपतो. त्यातल्या बऱ्याच माइकना ४८ व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा लागतो, म्हणजे ऑडिओ इंटरफेस विकत घेणं आलं. डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरावा लागतो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट कमी येतो. गावच्या घरात तोच बरा.

खोली माइकपेक्षा महत्त्वाची

आपल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. शहाबाद आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यातलं. ही फरशी उन्हाळ्यात पायांना थंड लागते, पण आवाज जसाच्या तसा परत फेकते. वर पत्रे असतील तर विचारूच नका. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागे झणकार ऐकू आला तर ती खोली सोडा.

उत्तम खोली कोणती, तर जिथे गाद्या, गोधड्या आणि कपडे ठेवलेले असतात ती. त्याहून उत्तम म्हणजे संक्रांतीच्या सुमारास तुरीच्या पोत्यांनी भरलेली. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तिची पोती स्टुडिओतल्या फोमचं कामही करतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं! पोती नसतील तर गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाका आणि खाली सतरंजी अंथरा. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, लॅपटॉपचा चार्जर काढलेला. अर्थिंग नसलेल्या घरात चार्जरमुळे सतत घूं असा आवाज येतो.

बिली आयलिशचा पहिला अल्बम तिच्या भावाने मुख्यतः घरातल्या बेडरूममध्ये रेकॉर्ड केला आणि २०२० मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. घरात काम होतं, एवढं त्यावरून पटावं.

गाताना

माइक तोंडापासून एक वीत लांब, थोडा बाजूला ठेवा. अंतर दुप्पट झालं की गळ्याचा आवाज बराच कमी होतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. ‘फ’, ‘भ’, ‘प’ म्हणताना वाऱ्याचा फटका बसतो. भरतकामाच्या रिंगेवर पातळ ओढणी ताणून मधे धरली की तो अडतो. कॉलर माइक लावताना बांगड्या, मणी आणि पदराची सळसळ यांच्यापासून दूर लावा.

माझ्या आत्याला ओव्या म्हणायला सांगितल्या तेव्हा ती म्हणाली, “नुसतं बसून कामून म्हणू रे? आठवत नाही.” जातं मांडून मूठभर ज्वारी घातली आणि हात फिरू लागला, तशा एकामागून एक ओव्या निघाल्या. लय हातात होती. जात्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये आली, ती मी तशीच ठेवली. हवं तर त्याच ओव्या नंतर पुन्हा एकदा जात्याविना म्हणवून घ्या.

नंतर

फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा; सीडीच्या दर्जाला, एका माइकच्या रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण पाच एमबी जागा लागते. आवाजाची पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा सूरही लाल रेषेला लागणार नाही. फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटीत सुरुवात-शेवट कापा. पार्श्वभूमीचा आवाज काढायचं बटण मात्र हलक्या हाताने वापरा, नाहीतर गळा पत्र्यासारखा वाजतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि गाणारीचं नाव लिहा, आणि दोन ठिकाणी प्रती ठेवा.

शब्द त्याच दिवशी तिच्याजवळ बसून लिहून घ्या. कन्नड शब्दाला मराठी करू नका. माणिकनगरच्या माणिकप्रभूंची पदं मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत आहेत. आपल्याकडे भाषा अशाच शेजारी नांदत आल्या.

एक शेवटचं. ओवीत सासरचा जाच असतो, नवऱ्याचं नाव असतं, जावेवरचा राग असतो. हे बायकांनी पहाटे जात्याला सांगितलेलं असतं, सगळ्या जगाला नाही. माझ्या आत्याने तीन ओव्या “घरातच ठेव” म्हणून सांगितल्या. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, आमच्या फॅमिली ग्रुपवरही गेलेल्या नाहीत. म्हणून रेकॉर्डिंग झाल्यावर सगळं तिला ऐकवा आणि काय कुणाला पाठवायचं ते तिलाच ठरवू द्या. यंदा गावी जाताना बॅगेत तो हजार रुपयांचा माइक टाका. गोधड्या आजीकडे आहेतच.